लघवी आवरत नाही? इलाज घोट्याजवळ आहे



वार्षिक सभेला काही वडीलधारी मंडळी नेहमी मांडवाच्या कडेला बसतात. आम्हाला वाटायचे, यांना लवकर घर गाठायचे असेल. मग एकांनी बाजूला घेऊन सांगितले, "लघवी लागली की दम निघत नाही हो. मधे बसलो तर पंचाईत." आयाबहिणी तर सभेलाच येत नाहीत आणि लग्नाला जायचे असले की सकाळपासून पाण्याचा घोट घेत नाहीत. वय झाले म्हणून हे मुकाट सोसायचे कारण नाही. यावर इलाज आहेत. त्यातला एक फारसा कुणाला ठाऊक नाही, म्हणून तो येथे देत आहोत.

लघवीची पिशवी भरत आली की मेंदूला वर्दी जाते आणि "अजून थांब" असा मेंदूचा निरोप खाली येतो. ही ये-जा कमरेखालच्या त्रिकोणी हाडातून निघणाऱ्या शिरांवाटे चालते. काहींच्या बाबतीत ही वर्दी बिघडते. पिशवी अर्धी भरली नाही तोच ती आवळू लागते. पाळी नसताना पाटकऱ्याने दार उघडावे, तशातली गत.

आता गंमत अशी, की घोट्याच्या आतल्या बाजूने पावलात उतरणारी एक शीर याच मुळांपासून फुटलेली आहे. म्हणून दुखणे ओटीपोटात आणि इलाज पायावर! घोट्याच्या हाडापासून सुमारे तीन बोटे वर बारीक सुई टोचतात व तिच्यातून अगदी सौम्य वीज सोडतात. अंगठा हलला किंवा तळव्याला मुंग्या आल्या, की सुई जागेवर बसली समजायचे. अर्धा तास बसायचे, आठवड्यातून एकदा, असे १२ आठवडे. भूल नाही, टाके नाहीत. पहिल्या दोन-चार खेपांत फरक दिसला नाही म्हणून सोडू नये. गुण आल्यावरही अधूनमधून, साधारण महिन्याला, एखादी खेप करावी लागते. सुईऐवजी कातडीवर चिकटपट्ट्या लावूनही हा उपचार करतात.

एवढ्याने भागले नाही तर कमरेतल्या शिरेजवळच तार बसवतात. सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या तानाघो व श्मिट या डॉक्टरांनी याचा पाया घातला आणि १९९७ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला मान्यता दिली. पेरणीआधी आपण ओल्या गोणपाटात बियांची उगवण बघतो ना, तशी येथे आधी परीक्षा असते. तात्पुरती तार बसवून काही दिवस बघतात आणि त्रास निम्म्याने तरी कमी झाला तरच कुल्ल्याच्या वरच्या बाजूला कातडीखाली यंत्र ठेवतात. खर्च मात्र मोठा आहे, हे आधीच सांगितलेले बरे.

पण सरसकट सगळ्यांना हा इलाज नाही. खोकताना, शिंकताना, भारा उचलताना थेंब गळतात ते दुखणे वेगळे. तेथे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू ढिले पडलेले असतात आणि त्यांचा व्यायाम आधी करावा लागतो. पुरुषांत प्रोस्टेटची गाठ वाढली आहे का, हे पाहिलेच पाहिजे. मधुमेह व लघवीतला जंतुसंसर्ग यांचीही तपासणी हवी. लघवीतून रक्त गेले तर एक दिवसही घरी बसू नये. हृदयाला पेसमेकर बसवलेल्यांनी व गरोदर बायांनी घोट्याचा उपचार घेऊ नये.

विजेच्या आधी साधे उपाय आहेतच. चहा कमी करणे, घाई लागली तरी थोडे थोडे थोपवायची सवय लावणे, मग गोळ्या. पाणी मात्र तोडू नका. घट्ट लघवी पिशवीला जास्तच चेतवते, शिवाय मुतखड्याची भीती.

मूत्रविकारतज्ज्ञाकडे जाण्याआधी तीन दिवस किती वेळा गेलो, रात्री किती वेळा उठलो, कपडे कधी ओले झाले, पाणी-चहा किती घेतला, हे लिहून न्यावे. उसाच्या नोंदवहीच्या मागच्या पानावर लिहिलेत तरी चालेल.