रिपोर्ट आला म्हणजे निकाल लागला का? व्हिसेरा, डीएनए आणि मोबाईलचा पुरावा कोर्टात असा तपासला जातो

गावात कुणाचा संशयास्पद मृत्यू झाला की पारावर एकच बोलणं ऐकू येतं, "व्हिसेरा राखून ठेवलाय, रिपोर्ट आला की सगळं उघड होईल." रिपोर्ट यायला कधी कधी महिने जातात. तोवर गावात दोन गट पडतात, सोयरिकी तुटतात. आणि रिपोर्ट येऊनही आरोपी सुटला की लोक म्हणतात, "पैसे चारले असतील."

दरवेळी तसं नसतं. रिपोर्ट हा निकाल नसतो, तो पुराव्याचा एक भाग असतो. तो कोर्टात टिकावा लागतो. आणि तो टिकणार की नाही, हे पुष्कळदा प्रयोगशाळेत नाही, तर गावात पंचनामा होतानाच ठरतं.

व्हिसेरा म्हणजे नेमकं काय?

शवविच्छेदन करताना विषाचा संशय आला तर डॉक्टर जठर, आतड्याचा भाग, यकृत, मूत्रपिंड असे अवयव आणि रक्त काढून वेगवेगळ्या बरण्यांत ठेवतात. अवयव टिकावेत म्हणून साधारणपणे मिठाचं दाट पाणी वापरतात. फॉर्मालिन वापरत नाहीत, कारण त्यात विष शोधणं अवघड होतं. बरण्यांना लाखेचं सील लागतं आणि पोलीस त्या सरकारी न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत पोचवतात. राज्याचं मुख्य कार्यालय मुंबईत कलिना इथे आहे. नागपूर, पुणे, छत्रपती संभाजीनगर, नाशिक, अमरावती इथेही प्रयोगशाळा आहेत. तिथून जो कागद येतो त्यालाच आपल्याकडे सीए रिपोर्ट म्हणतात, म्हणजे केमिकल अॅनालायझरचा रिपोर्ट.

विष सापडलं, पण दिलं कुणी?

समजा रिपोर्टमध्ये कीटकनाशकाचा अंश सापडला. त्यावरून शरीरात विष गेलं एवढंच कळतं. ते माणसाने स्वतः घेतलं, फवारणी करताना गेलं, की कुणी पाजलं, हे प्रयोगशाळा सांगू शकत नाही.

पुण्यातल्या एका विवाहितेचा सायनाईडने मृत्यू झाला होता. त्या खटल्यात १९८४ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं की विष देऊन खून झाला म्हणायचं असेल तर चार गोष्टी बघाव्या लागतात. विष देण्याचं कारण काय होतं? मृत्यू विषानेच झाला का? आरोपीकडे ते विष होतं का? आणि ते देण्याची संधी त्याला मिळाली होती का? हायकोर्टाने फाशी कायम केलेला आरोपी या खटल्यात सुटला. चारपैकी रिपोर्ट उत्तर देतो ते मुख्यतः एकाच प्रश्नाचं. बाकीची उत्तरं साक्षीदारांकडून आणि तपासातून यावी लागतात.

रक्ताच्या डागाचंही तसंच. कपड्यावर अमुक गटाचं मानवी रक्त आहे, असं रिपोर्ट म्हणतो. पण त्या गटाची माणसं गावात शेकडो असतात. मयत आणि आरोपी दोघांचा गट एकच निघाला तर त्या डागाला फारसं वजन राहत नाही.

कोर्ट बघतं पुड्याचा प्रवास

आरोपीचा वकील उलटतपासणीत बहुतेक वेळा रसायनशास्त्र विचारत बसत नाही. तो विचारतो तो प्रवास. वस्तू कुणी उचलली? पुडा कुणासमोर बांधला? सील कधी लावलं? मुद्देमाल खोलीत किती दिवस पडून होता, नोंदवहीत नोंद आहे का? प्रयोगशाळेत कोण घेऊन गेला? पोचला तेव्हा सील शाबूत होतं का, आणि सोबत पाठवलेल्या सीलच्या नमुन्याशी जुळलं का? यातली एक कडी जरी तुटली तरी नमुना बदलला गेला असेल, अशी शंका उभी राहते. आणि फौजदारी खटल्यात रास्त शंकेचा फायदा आरोपीला मिळतो.

२०१२ मध्ये दिल्लीतून एका तरुणीचं अपहरण झालं, तिच्यावर अत्याचार झाला आणि तिचा खून झाला. खालच्या कोर्टाने तिघांना फाशी दिली, हायकोर्टाने ती कायम केली. डीएनए रिपोर्ट आरोपींच्या विरोधात होता. तरी ७ नोव्हेंबर २०२२ ला सुप्रीम कोर्टाने तिघांनाही सोडलं. तपासात इतर त्रुटी होत्याच. पण डीएनएबद्दल कोर्टाने म्हटलं की नमुने दहा दिवसांहून जास्त काळ पोलिसांच्या मालखान्यात पडून होते, त्यामुळे त्यांच्याशी छेडछाड झाली नसेल असं म्हणता येत नाही. शिवाय तज्ज्ञाने कोणत्या आधारावर निष्कर्ष काढला, पद्धत नीट वापरली का, हे खालच्या दोन्ही कोर्टांनी तपासलंच नव्हतं. मुलीच्या घरच्यांना न्याय मिळाला नाही, आणि खरा गुन्हेगार कोण हेही सिद्ध झालं नाही. नमुना नीट न सांभाळल्याची किंमत एवढी मोठी असते.

तज्ज्ञ सांगतो, ठरवतं कोर्ट

१ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. त्याच्या कलम ३९ प्रमाणे तज्ज्ञाचं म्हणणं हे मत म्हणून पुराव्यात घेतलं जातं. ते मानायचं की नाही हे न्यायाधीश ठरवतात, आणि त्यासाठी त्या मतामागची कारणं बघतात. सरकारी प्रयोगशाळेतल्या ठरावीक तज्ज्ञांचा रिपोर्ट, त्यांना साक्षीला न बोलावताही पुरावा म्हणून वापरता येतो. पण कोर्टाला गरज वाटली तर तज्ज्ञाला बोलावून विचारता येतं.

"त्याची नार्को करा, लगेच कबूल होईल," असंही लोक म्हणतात. २०१० मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की नार्को, लाय डिटेक्टर आणि ब्रेन मॅपिंग या चाचण्या संमतीशिवाय करता येत नाहीत. संमतीने केली तरी त्या चाचणीचा निकाल हाच पुरावा धरत नाहीत. त्यातून पुढे एखादी वस्तू सापडली तर ती दाखल करता येते.

मोबाईलमधला व्हिडिओ

आता भांडण झालं की दहा जण मोबाईल काढतात. पण व्हॉट्सअॅपवर फिरून आलेला व्हिडिओ आणि मूळ फोनमधला व्हिडिओ यांत कोर्टाच्या दृष्टीने फार फरक आहे. याबाबतचा महत्त्वाचा निकाल आपल्या जालन्याच्या निवडणुकीतून आला. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेनंतर घेतला का, हा वाद होता आणि पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या कॅमेऱ्यांचं चित्रण. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या प्रकरणात जुलै २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की चित्रणाची नक्कल दाखल करायची तर कायद्यातलं प्रमाणपत्र सोबत लागतंच. खटपट करूनही ते मिळत नसेल तर कोर्टाकडे अर्ज करून मागवता येतं. निवडणुकीच्या दाव्यात ठरलेला हा नियम फौजदारी खटल्यालाही लागू आहे. नव्या कायद्यात हे प्रमाणपत्र कलम ६३ खाली येतं आणि त्यात फाईलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाईलची ओळख पटवणारा आकडा, द्यावा लागतो. फाईलमध्ये थोडा जरी बदल झाला तरी हा आकडा बदलतो.

गावकऱ्यांनी काय लक्षात ठेवावं?

सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन नमुने घ्यावेत आणि त्याचं चित्रण व्हावं, अशी तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६ मध्ये आहे. राज्यांना ती पाच वर्षांच्या आत लागू करायची आहे. झडती आणि जप्तीचं चित्रण कलम १०५ प्रमाणे करायचं असतं. तरी पंच लागतातच, आणि ते गावातलेच असतात.

• पंच म्हणून बोलावलं तर कोऱ्या कागदावर सही करू नका. पंचनामा पूर्ण वाचा किंवा वाचून घ्या.
• वस्तू कुठे सापडली, पुडा आणि सील तुमच्यासमोर झालं का, लेबलवर तुमची सही आहे का, हे नीट बघा. चार-पाच वर्षांनी कोर्टात हेच विचारतात.
• घटनास्थळी गर्दी करू नका. विषाची बाटली, पेला, उलटीचे कपडे धुऊ नका, उचलून फेकू नका.
• व्हिडिओ तुम्ही काढला असेल तर मूळ फाईल फोनमध्येच ठेवा. एडिट करू नका, फोन फॉरमॅट करू नका, विकू नका.
• तक्रारदार किंवा पीडिताला तपास कुठवर आला हे पोलिसांनी ९० दिवसांत कळवायचं असतं. व्हिसेरा कोणत्या तारखेला आणि कोणत्या प्रयोगशाळेत पाठवला, हे ठाण्यात लेखी अर्ज देऊन विचारा आणि अर्जाची पोच घ्या. पाठवायला उशीर झाला असेल तर ते वेळीच कळतं आणि वरिष्ठांकडे दाद मागता येते.