घोडीवरचं बिऱ्हाड: सह्याद्री ओलांडणारे धनगरांचे तांडे

शिरूरहून चौफुल्याकडे जाणारा रस्ता न्हावरे गावावरून जातो. दिवाळीच्या आगेमागे शिरूर-दौंडच्या या पट्ट्यात मेंढरांचे कळप रस्त्याच्या कडेने सरकताना दिसतात. सोबत घोड्या असतात आणि एकेका घोडीवर अख्खा संसार लादलेला असतो. धान्याची पोती, भांडी, घोंगड्या, मेंढरं कोंडण्याची जाळी म्हणजे वाघर, पाय बांधलेल्या कोंबड्या, नुकतीच जन्मलेली कोकरं आणि या सगळ्यावर बसलेलं एखादं लहान मूल. उंच डोंगरातून जाणारे तांडे म्हटलं की आपल्याला मध्य आशियातले उंट आठवतात. पण पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या माळरानावरून दरवर्षी असाच एक प्रवास सुरू होतो, आणि त्यातले काही वाडे सह्याद्रीचे घाट उतरून थेट कोकणात पोहोचतात.

वाडा म्हणजे एकत्र चालणाऱ्या कुटुंबांचा समूह. पहाटे तळ मोडतो. पुरुष मेंढरं घेऊन चराईच्या वाटेने निघतात आणि बाया घोड्या लादून दुसऱ्या वाटेने पुढच्या मुक्कामी पोहोचतात. तिथे चुली मांडणं, पाणी आणणं, वाघर उभी करून कोकरं आत घेणं, हे सगळं त्या कळप येण्याआधी उरकतात. तांडा चालतो तो मुख्यतः या बायांच्या हिशेबावर, असं माझं ठाम मत आहे. लादणी जरा चुकली तरी घाटात घोडीचा तोल जातो.

हा प्रवास ठरवतो तो पाऊस. कोकणात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर शिरूर-दौंडमध्ये सुमारे पाचशे. सतत ओलीत उभ्या राहिलेल्या मेंढरांचे खुर कुजतात, लोकर भिजून अंगाला चिकटते आणि आजार पसरतात. म्हणून पावसाळा कोरड्या पूर्वेला काढायचा. हिवाळ्यात इथलं गवत वाळतं, नेमकी तेव्हाच कोकणात भातकापणी होऊन रानं मोकळी झालेली असतात. तिथे मेंढ्यांना चारा मिळतो आणि शेतकऱ्याला खत. रात्री शेतात मेंढ्या बसवायच्या आणि त्याबदल्यात धान्य किंवा पैसे घ्यायचे, हा ठराव पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. वळवाच्या सरी येण्याआधी तांडे पुन्हा घाट चढून माघारी फिरतात.

पर्यावरणतज्ज्ञ माधव गाडगीळ आणि मानवशास्त्रज्ञ कैलास मल्होत्रा यांनी धनगरांच्या वेगवेगळ्या शाखांचा अभ्यास केला, तेव्हा पावसाप्रमाणे झालेली वाटणी स्पष्ट दिसली. धो धो पावसाच्या घाटमाथ्यावर गवळी धनगर म्हशी पाळतात आणि कोरड्या पठारावर हटकर मेंढरं राखतात. त्याआधी इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी पुण्याच्या आसपासच्या टेकड्यांवर हिंडले होते. धनगरांच्या हंगामी वाटांच्या कडेने त्यांना दगडाची बारीक, धारदार अवजारं सापडली. शेती रुजण्यापूर्वीही माणसं ऋतूंच्या मागे याच वाटांनी फिरत असावीत, असा त्यांचा तर्क होता. गाव, किल्ला, राज्य यांच्या कितीतरी आधीची ही वाट आहे, या विचाराने मी आजही थक्क होतो.

हिमालयातल्या तांड्यांशी तुलना केली की घोडीची निवड कळते. लडाखमधून यारकंदकडे जाणारे व्यापारी ५,५४० मीटर उंचीची काराकोरम खिंड ओलांडत आणि त्यांच्या जनावरांत दोन वशिंडांचे उंटही असत. १९४९ च्या सुमारास हा व्यापार थांबला. त्या उंटांचे वंशज आजही नुब्रा खोऱ्यात हुंडरजवळ दिसतात. ते थंडी सोसतात, कोरड्या वाळूत सहज चालतात. सह्याद्री उंचीने त्या मानाने ठेंगणा, पण इथली वाट अरुंद, पायऱ्यापायऱ्यांची, सुटलेल्या दगडांची. उंटाचा मऊ, पसरट तळवा इथे टिकत नाही. ठेंगणी, काटक देशी घोडी मात्र हा उतार पेलते. मोकळ्या मैदानात उंट नेणारे मेंढपाळ महाराष्ट्रातही आहेत. कच्छचे रबारी विदर्भापर्यंत येतात आणि त्यांचा संसार उंटाच्या पाठीवरच असतो.

मेंढरंही या चालीसाठीच घडलेली आहेत. दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी, बहुतेक काळी. तिचं घोंगडं पावसात अंगावर घेता येतं आणि रात्री अंथरता येतं. चालताना व्यालेल्या मेंढीचं कोकरू लगेच लांबचा पल्ला चालू शकत नाही, म्हणून त्याची जागा घोडीवर.

न्हावऱ्याचा परिसर आता बदलला आहे. कालव्याचं पाणी आलं, ऊस वाढला, गावात घोडगंगा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. पडीक माळ आणि गायरानं आक्रसली, तसा चराईचा पट्टा तुटक झाला. उसात बिबट्यांनी घर केलं. उघड्यावर झोपणाऱ्या तांड्याला त्यांचा धोका सर्वांत जास्त. कोकरं तर जातातच, या तालुक्यांत माणसांवरही हल्ले झाले आहेत. पूर्वी वाघर लांडग्यासाठी पुरत असे, बिबट्या तिच्यावरून सहज उडी मारतो.

तरीही लेंडीखताची मागणी घटलेली नाही. द्राक्ष आणि डाळिंबाचे बागायतदार ते ट्रॉलीच्या हिशेबाने विकत घेतात. ऊस तुटून गेलेल्या रानातही मेंढ्या बसवण्यासाठी शेतकरी मेंढपाळाला आधीच सांगून ठेवतात.