ठिगळ भिंतीच्याच जातीचं हवं

कन्नड तालुक्यातल्या पिशोरसारख्या मोठ्या गावात आज तीन तऱ्हेच्या भिंती शेजारी शेजारी उभ्या दिसतात. गावठाणात पांढऱ्या मातीची धाब्याची घरं, त्यांना लागून विटा-सिमेंटची बांधकामं, आणि बाजारपेठेतल्या दुकानांत जिप्सम बोर्डाचं फॉल सीलिंग. भोकं तिन्हींना पडतात. मातीची भिंत घुशी पोखरतात किंवा उपटलेल्या खुंटीबरोबर तिचा पोपडा येतो. विटांच्या भिंतीत नळासाठी चर मारावी लागते. सीलिंगमध्ये दिव्याची जागा बदलते, नाहीतर वरून पाणी झिरपून बोर्डाला पोट येतं. उपाय मात्र बहुतेक वेळा एकच ठरलेला: मूठभर सिमेंट किंवा पीओपी कालवायचं, भोकात कोंबायचं आणि वरून पुट्टीचा हात मारायचा. चार-सहा महिन्यांत त्या जागेभोवती भेग उमटते आणि खापर मालावर फुटतं. माझ्या मते दोष मालाचा क्वचितच असतो. बुजवलेलं भोक टिकणार की नाही, हे मसाला किती टणक आहे यावर ठरत नाही. तो भिंतीच्या जातीचा आहे का आणि त्याला मागून आधार आहे का, यावर ते ठरतं.

याचा सर्वांत स्वच्छ पुरावा जिप्सम बोर्डातच आहे. जिप्सम या खनिजाच्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा पाणी असतं. ते दीडशे अंशांच्या आसपास भाजलं की त्यातलं बरंचसं पाणी उडून पीओपीची भुकटी उरते, आणि पाणी घालताच ती पुन्हा दगडासारखी घट्ट होते. पण हा दगड ठिसूळ असतो. बोर्डाला ताण सोसायची ताकद येते ती दोन्ही अंगांना चिकटलेल्या कागदामुळे. कारागीर बोर्ड कापतो तेव्हा हे डोळ्यांसमोर घडतं: तो कटरनं फक्त वरच्या कागदावर रेघ मारतो, बोर्ड मागे दाबतो, आणि साडेबारा मिलिमीटर जाडीचा तो तक्ता रेघेवर कट्‌कन मोडतो. कागद गेला की बोर्डाची ताकद गेली. म्हणजे भोक पडतं तेव्हा खरं नुकसान पोकळीचं नसून तुटलेल्या कागदाचं असतं. नुसता पीओपी भरला तर पोकळी भरते, पण ताण घेणारं तिथं काहीच नसतं.

म्हणून जाणता सीलिंगवाला भोक बुजवण्याआधी ते मोठं करतो. पाहणाऱ्याला हे उलटं वाटतं. आत वायर नाही याची खात्री करून तो फाटक्या कडा चौकोनात कापतो, भोकापेक्षा लांब अशा लाकडाच्या किंवा पत्र्याच्या दोन पट्ट्या आत सरकवतो आणि शाबूत बोर्डातून स्क्रू मारून त्या बसवतो. मग त्याच जाडीचा तुकडा त्या पट्ट्यांवर कसतो. इथं हाताची परीक्षा असते. स्क्रूचं डोकं कागदात किंचित खोल बसायला हवं, पण कागद फाटता कामा नये. फाटला तर तो स्क्रू निकामी, शेजारी दुसरा मारावा लागतो. सांध्यावर जॉइंट कंपाउंडचा थर, त्यात दाबून बसवलेली कागदी पट्टी, आणि वर आणखी दोन थर, प्रत्येक आधीच्यापेक्षा रुंद. पट्टीचा उंचवटा कुठंच जात नाही. तो वीतभर रुंदीत इतका पातळ पसरवला जातो की नजरेला सापडत नाही. पॉलिश पेपर मारल्यावर कारागीर बॅटरी छताला लागून आडवी धरतो, कारण समोरच्या उजेडात न दिसणारं टेंगूळ कडेच्या उजेडात सावली टाकतं.

ही अक्कल आधुनिक मालाबरोबर आली असं मात्र नाही. पिशोरच्या पश्चिमेला पितळखोरं, नैर्ऋत्येला वेरूळ आणि ईशान्येला अजिंठा. तिन्ही लेण्यांत कातळावर मातीचा गिलावा चढवून त्यावर चित्रं काढलेली आहेत. वेरूळच्या गिलाव्याचे नमुने तपासून एम. सिंग आणि एम. एम. सरदेसाई यांनी 2016 मध्ये दाखवून दिलं की त्या मातीत भांगेच्या झाडाचे भाग मुद्दाम मिसळलेले होते. अजिंठ्याच्या गिलाव्यातही भाताचा तूस आणि वनस्पतींचे तंतू आहेत. माती वाळताना आकसते आणि फाटते. तंतू तिला धरून ठेवतात. घराचं लिंपण करताना मातीत भुसा आणि शेण तुडवतात तेही याचसाठी. बोर्डावरचा कागद आणि गिलाव्यातलं काड एकच काम करतात, आणि दुरुस्तीत ते काम करणारं काही घातलं नाही तर भेग परत येणारच.

यावर पहिला आक्षेप येतो: सिमेंट सगळ्यांत मजबूत, मग तेच का भरू नये? कारण मजबूत ठिगळ आपल्या जागी राहतं आणि भोवतालची भिंत मोडतं. मातीची भिंत पावसाळ्यात ओल घेते आणि उन्हाळ्यात सोडते. मध्ये सिमेंटचा गोळा आला की ओल त्याच्या कडेला साठते, तिथली माती भुसभुशीत होते आणि गोळा अख्खा निखळतो. जिप्समशी तर सिमेंटचं मुळातच वैर आहे: ओल मिळाली की दोघांच्या संयोगातून फुगणारे स्फटिक बनतात आणि सांधा सुटतो. टणक लेप घातक ठरल्याचं उदाहरण अजिंठ्यातच आहे. 1920च्या दशकाच्या सुरुवातीला निजाम सरकारनं चेक्कोनी आणि ओर्सिनी हे इटालियन तज्ज्ञ बोलावले. सुटू लागलेला गिलावा त्यांनी सावरला, हे श्रेय त्यांचंच. पण चित्रांवर चढवलेला लाखेचा थर पुढं काळवंडला आणि तो उतरवण्यात नंतरच्या रसायनतज्ज्ञांची वर्षं गेली.

दुसरा आक्षेप खर्चाचा आहे आणि तो जास्त वजनदार आहे. रोजंदारीवरचा माणूस तीन थर वाळायची वाट पाहत बसला तर मजुरी कुणी द्यायची? शिवाय बोर्ड स्वस्त. अख्खा तक्ताच बदलला तर काय बिघडलं? भिजून पोट आलेला बोर्ड बदलावाच, आधी गळती शोधून, कारण भिजलेल्या जिप्सममध्ये दम उरत नाही. पण हातभर भोकासाठी तक्ता उतरवला की चारी बाजूंचे सांधे नव्यानं करावे लागतात, म्हणजे टाळायचं होतं तेच काम कित्येक पट वाढतं. आणि तीन थरांचे तीन दिवस म्हणजे तीन दिवसांची मजुरी नव्हे. एका थराला फार वेळ लागत नाही. कारागीर मधल्या वेळात दुसरीकडे जाऊ शकतो. गिऱ्हाइकानं ‘आजच संपव’ हा हट्ट सोडला, पावसाळ्यात थोडा जास्त धीर धरला आणि रोजाऐवजी कामाचा भाव ठरवला, तर दोघांचंही भागतं. आज बाजार घाईचे पैसे देतो, म्हणून काम घाईचं होतं. दुरुस्तीचं बोलणं मालाच्या दरापासून सुरू करण्याऐवजी ही भिंत कशाची, ताण कोण घेतो आणि मागे धरायला काय आहे, एवढं आधी विचारावं. याची उत्तरं ज्याच्याकडे आहेत त्यानं चार पैसे जास्त मागितले, तरी काम त्यालाच द्यावं.