आधी मेण उतरवा

सर्फबोर्डाच्या दोन बाजूंकडून दोन अगदी उलट अपेक्षा असतात. पाण्याला टेकणारी खालची बाजू जितकी गुळगुळीत तितकी चांगली. वरच्या बाजूवर मात्र ओले, अनवाणी पाय टिकायला हवेत, आणि काचतंतू व रेझिनचं कवच ओलं झालं की पाय ठरत नाही. म्हणून वरच्या बाजूला मेण चोळतात, पाण्यात शिरण्याआधी दर वेळी थोडं थोडं. जुनं काढून मग नवं लावण्याची शिस्त फार थोड्यांना असते, त्यामुळे थरावर थर चढत जातो. बरेच महिने वापरलेल्या बोर्डावरचं मेण करडं, मळकट, वाळूचे कण आणि केस पोटात घेतलेलं असतं. बोर्डाला कोचा पडला किंवा तडा गेला की तो या सगळ्यासकट दुरुस्तीला येतो.

कॅलिफोर्निया, हवाई, ऑस्ट्रेलिया अशा जागी सर्फिंगच्या किनाऱ्यांवर अशा दुरुस्तीची छोटी वर्कशॉप्स असतात. बोर्डाच्या इजेला तिथे ‘डिंग’ म्हणतात. तिथलं कसब बाहेरच्या माणसाला रेझिन ओतण्यात आणि घासून गोलाई जुळवण्यात दिसतं. मला त्याआधीचं, मेण उतरवण्याचं काम अधिक महत्त्वाचं वाटतं. कल्हईवाला भांडं आधी घासूनपुसून लख्ख करतो, कारण चिकट भांड्यावर कथील धरत नाही. इथेही तसंच आहे. पुढचं सगळं कौशल्य या पहिल्या अर्ध्या तासावर उभं असतं.

मेण या खेळात तसं उशिरा आलं. हवाईत कोआ आणि विलीविलीच्या लाकडी फळ्यांवर लोक शतकानुशतकं लाटांवर स्वार होत होते. मेणाची गोष्ट सांगतात ती 1935 सालची, कॅलिफोर्नियातल्या पालोस व्हर्देसची. आल्फ्रेड गॅलंट नावाच्या तरुणाने घरातल्या लाकडी जमिनीला लावायचं मेण आपल्या बोर्डावर लावून पाहिलं आणि पाय टिकला. पुढे बरण्यांची तोंडं बंद करायला स्वयंपाकघरात ठेवलेल्या पॅराफिनच्या वड्या सर्रास वापरात आल्या. खास सर्फिंगसाठी बनवलेलं मेण बाजारात आलं ते 1960च्या दशकात. 1972 साली सुरू झालेलं ‘मिस्टर झॉग्ज सेक्स वॅक्स’ तर जगभर पोचलं. आजच्या वडीत पॅराफिन असतं, बऱ्याचदा मधमाश्यांचं मेण असतं, मऊपणा आणि चिकटपणासाठी इतर काही पदार्थ असतात, आणि पुष्कळदा नारळाचा वास. पाणी जितकं थंड तितकं मेण मऊ लागतं. गार पाण्याची वडी उष्ण कटिबंधात नेली तर पायाखाली लोण्यासारखी पसरते. साधारण 24 अंशांच्या वरच्या पाण्यासाठी वेगळी, कडक वडी मिळते.

आता उतरवण्याकडे वळू. पहिलं काम जखम झाकण्याचं. फुटलेल्या जागेवर चिकटपट्टी लावतात, म्हणजे वितळलेलं मेण कवचाखालच्या उघड्या फोममध्ये शिरत नाही. मग बोर्ड काही मिनिटं उन्हात ठेवतात किंवा हेअर ड्रायरने शेकतात. किती वेळ, हे हाताला कळतं. मेण कमी तापलं तर खरवडताना त्याचा भुगा होतो आणि सगळीकडे उडतो. जास्त तापलं तर पातळ होऊन नुसतं इकडून तिकडे सारलं जातं. मधली एक अवस्था असते, तेव्हा प्लास्टिकच्या पट्टीची धार तिरकी धरून रेटली की मेणाची सलग, जाडसर वळी सुटून येते आणि तिच्यामागे बोर्डाचा मूळ रंग उघडा पडतो. पट्टी नेहमी जखमेपासून दूर जाणारी हवी. धातूची पट्टी लवकर काम करते खरी, पण कवचावर ओरखडे काढते. चांगले कारागीर तिला हात लावत नाहीत.

पट्टीने जाड थर जातो, पातळ पापुद्रा राहतोच. त्यासाठी कोणी बारीक भुकटी भरलेली कापडी पुरचुंडी चोळतात, कोणी टर्पेंटाइनच्या जातीचं द्रावक फडक्यावर घेतात. शेवटचा हात अ‍ॅसिटोनचा. इथे घाई नडते. फडक्याची एक बाजू एकदाच वापरायची आणि एकाच दिशेने पुसायचं. तेच मळकं फडकं गोल गोल फिरवलं तर विरघळलेलं मेण पुन्हा सगळीकडे पसरतं आणि डोळ्यांना दिसतही नाही. पृष्ठभाग खरंच स्वच्छ झाला का, हे पाणी सांगतं. शिंपडलेलं पाणी सलग पसरलं तर ठीक, त्याचे थेंब होऊन उभे राहिले तर मेण अजून आहे.

एवढा खटाटोप का, हे आपल्याकडच्या फायबरच्या कारखान्यात काम केलेल्या माणसाला समजावून सांगावं लागणार नाही. मूर्ती असो, खुर्ची असो की होडीचा सांगाडा, साच्याला आतून मेणाचं पॉलिश लावतात आणि मगच रेझिन व मॅट चढवतात. माल साच्यातून सुटून यावा, यासाठीच ते मेण असतं. रेझिन कशावर धरू नये असं वाटत असेल, तर तिथे मेण लावायचं. मग बोर्डावर मेण ठेवून ठिगळ लावणारा माणूस काय करतो? ते ठिगळ निघून यावं अशीच व्यवस्था करतो. शिवाय मेणावर पॉलिशपेपर चालवला तर तो काही क्षणांत भरून निकामी होतो आणि घर्षणाने तापलेलं मेण खरखरीत झालेल्या पृष्ठभागात आणखी खोल बसतं. म्हणून क्रम ठरलेला: आधी मेण, मग पॉलिशपेपर. उलट कधीच नाही.

गंमत म्हणजे दुरुस्तीच्या रेझिनमध्येही मेण असतं. पॉलिएस्टर रेझिनचा वरचा थर हवेतल्या ऑक्सिजनमुळे नीट सुकत नाही, चिकट राहतो. म्हणून शेवटच्या थरासाठीच्या रेझिनमध्ये थोडं पॅराफिन मिसळलेलं असतं. ते वर तरंगून येतं, हवा अडवतं आणि खालचं रेझिन कडक होऊ देतं. आतल्या थरांसाठीच्या रेझिनमध्ये ते नसतं, कारण तिथे पुढचा थर धरायला हवा. दोन डब्यांची अदलाबदल झाली तर दुरुस्ती वरून छान दिसते आणि पुढे थर सोडून देते.

कशाने पुसायचं, हे बोर्डाच्या पोटात काय आहे त्यावरही ठरतं. 1950च्या दशकाच्या अखेरीस होबी आल्टर आणि गॉर्डन क्लार्क यांनी कॅलिफोर्नियात पॉलियुरेथेन फोमचे बोर्ड रुळवले. या फोमला अ‍ॅसिटोनचा फारसा त्रास नाही. पण क्लार्क यांचा फोमचा कारखाना डिसेंबर 2005मध्ये अचानक बंद झाला, आणि त्यानंतर थर्माकोलच्या जातीच्या फोमवर इपॉक्सी चढवलेले बोर्ड झपाट्याने वाढले. अशा बोर्डाच्या उघड्या जखमेत अ‍ॅसिटोन गेलं तर फोम डोळ्यांदेखत विरघळतो. पॉलिएस्टर रेझिनमधलं स्टायरीनही तेच करतं. नखाएवढ्या तड्याची पोकळी होते. मेण मऊ करायला हे बोर्ड उन्हात विसरले तर तेही महागात पडतं. आतली हवा तापून फुगते आणि कवच फोमपासून सुटतं. मुल्की, चेन्नईजवळचं कोवलम, गोव्याचा उत्तर किनारा इथल्या उन्हात तर बोर्डाकडे पाठ फिरवूच नये.

कारागिरांची सगळ्यात मोठी तक्रार वेगळीच आहे. लाटा चांगल्या असताना बोर्ड फुटला की पाण्याबाहेर कोणालाच यायचं नसतं. मग तड्यात मेणाचा गोळा दाबून पुन्हा पाण्यात जातात. मोह समजण्यासारखा आहे, पण तो गोळा पाणी पूर्ण अडवत नाही आणि फोमच्या छिद्रांत रुतून बसतो. तिथून मेण पुसून काढणं जवळपास अशक्य. तेवढा फोम कोरून फेकावा लागतो आणि लहान डिंग मोठी होते. पाण्याबाहेर येऊन बोर्ड सुकवला असता तर थोडं रेझिन आणि काचकापडाचा तुकडा पुरला असता.

बऱ्याच वर्कशॉप्समध्ये मेणासकट आणलेल्या बोर्डाचे वेगळे पैसे घेतात, आणि मला ते रास्त वाटतं. पण गिऱ्हाइकाने स्वतः मेण काढून आणावं, याला पैशांपलीकडेही कारण आहे. जाड मेणाखाली टाचांनी पडलेले खळगे असतात, केसाएवढे तडे असतात, पाणी शिरून पिवळा पडलेला फोम असतो. एक डिंग दाखवायला आलेल्या माणसाला आपल्या बोर्डावर आणखी तीन आहेत, हे पट्टी हातात घेतल्यावरच दिसतं. खरवडलेलं मेण किनाऱ्यावर टाकू नये. ते बहुतांशी खनिज तेलापासून बनलेलं असतं आणि वाळूत कुजत नाही. एका जुन्या बोर्डावरचं मेण सहज मूठभर निघतं. ते गोळा करून कचऱ्यात टाकायला एक पिशवी पुरते.