रोटरी इंजिनाची जुनी मोटार घेताना

हौसेला मोल नसते, असे म्हणतात. जुन्या मोटारींच्या हौसेला मात्र मोल असते आणि ते बहुधा खरेदीनंतरच कळते. रोटरी इंजिनाच्या मोटारींबाबत हे विशेषत्वाने खरे आहे. कारण नेहमीचे इंजिन पारखण्याच्या सवयी येथे फसव्या ठरतात.

जर्मन संशोधक फेलिक्स वांकेल यांच्या कल्पनेतून साकारलेल्या या इंजिनात वरखाली होणारे पिस्टन नसतात. फुगीर बाजूंचा त्रिकोणी रोटर लंबवर्तुळासारख्या पोकळीत फिरतो आणि त्याच्या तिन्ही बाजूंवर शोषण, दाब, ज्वलन व उत्सर्जन या क्रिया आळीपाळीने घडतात. रोटरच्या टोकांवर बसविलेल्या पट्ट्यांना एपेक्स सील म्हणतात. एका कप्प्यातील वायू दुसऱ्यात जाऊ न देणे हे त्यांचे काम. इंजिनाचे आयुष्य प्रामुख्याने याच सीलवर अवलंबून असते.

याचा धडा जर्मनीच्या एनएसयू कंपनीला महागात पडला. १९६७ साली आलेल्या तिच्या ‘रो ८०’ या मोटारीला युरोपातील वर्षाची सर्वोत्तम मोटार म्हणून १९६८ चा सन्मान मिळाला. परंतु सील अकाली झिजू लागल्याने हमीच्या मुदतीत असंख्य इंजिने बदलून द्यावी लागली. १९६९ साली कंपनी फोक्सवॅगनच्या छत्राखाली गेली आणि १९७७ साली ‘रो ८०’चे उत्पादन थांबले. जपानच्या माझदा कंपनीने मात्र चिकाटी सोडली नाही. १९६७ च्या ‘कॉस्मो स्पोर्ट’नंतर १९७८ ते २००२ या काळात निघालेली ‘आरएक्स-७’ ही या इंजिनाची सर्वांत परिचित मोटार होय.

थंड आणि गरम, दोन्ही अवस्था पाहाव्यात

मोटार पाहावयास जाताना इंजिन आधी सुरू न करण्याची विनंती विक्रेत्यास करावी. थंड इंजिन सुरू झाल्यावर पांढरा, गोडसर वासाचा धूर येतच राहिला, तर शीतक द्रव ज्वलनकक्षात झिरपत असल्याची शंका घ्यावी. अर्धा तास मोटार चालवून इंजिन बंद करावे आणि दहा मिनिटांनी पुन्हा सुरू करून पाहावे. झिजलेले इंजिन थंड असताना सहज सुरू होते. गरम झाल्यावर मात्र स्टार्टर बराच वेळ फिरवावा लागतो.

दाबाची सहा मापे

साधा कॉम्प्रेशन गेज रोटरच्या तीन बाजूंपैकी सर्वाधिक दाब असलेल्या बाजूचेच माप दाखवितो. एक सील निकामी झाल्यास तिच्या लगतच्या दोन बाजू दुबळ्या होतात. तिसरी शाबूत असल्याने दोष झाकला जातो. म्हणून तिन्ही बाजूंचा दाब स्वतंत्रपणे नोंदविणारे रोटरीसाठीचेच उपकरण वापरावे. दोन रोटरच्या इंजिनाची सहा मापे लेखी घ्यावीत, ती एकमेकांशी व निर्मात्याच्या पुस्तिकेतील मर्यादेशी ताडून पाहावीत.

तेल आणि उष्णता

सीलना वंगण मिळावे म्हणून हे इंजिन मुळातच थोडे तेल जाळते. त्यामुळे ‘तेल अजिबात लागत नाही’ ही शिफारस नसून धोक्याची सूचना आहे. तेल सोडणारा पंप काढून टाकला असल्यास पेट्रोलमध्ये तेल मिसळले जात होते का, हे विचारावे. इंजिनात अॅल्युमिनियम व बिडाचे भाग एकाआड एक जोडलेले असतात. अतिउष्णतेने ते कमीअधिक प्रसरण पावतात आणि पाण्याचे सील निकामी होतात. रेडिएटरमध्ये बुडबुडे उठत असल्यास व्यवहार थांबविणेच श्रेयस्कर.

इंजिन मूळचेच आहे का?

कंटाळलेल्या अनेक मालकांनी ‘रो ८०’मध्ये फोर्डचे व्ही-४ इंजिन बसविले होते. अशा मोटारीचे संग्राह्य मूल्य घटते. भारतात २०२१ साली मोटार वाहन नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार, पन्नास वर्षांहून जुन्या आणि चेसिस, सांगाडा वा इंजिनात मोठा फेरफार न झालेल्या वाहनासच ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी मिळते. ते रोजच्या वापरासाठी चालविता येत नाही. म्हणून चेसिस व इंजिन क्रमांक कागदपत्रांशी जुळवून पाहावेत. चाकांवरील कमानी व दारांखालच्या पट्ट्या गंजल्या आहेत का, हेही तपासावे.

आर्थिक हिशेब

किती किलोमीटर धावली, यापेक्षा इंजिनाची पुनर्बांधणी केव्हा व कोणी केली, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. त्याची पावती आणि दाबाची मापे विक्रेता देऊ शकत नसेल, तर इंजिन पुनर्बांधणीस आले आहे असे गृहीत धरावे आणि तो खर्च वजा करूनच किंमत सांगावी. त्या किमतीस विक्रेता राजी नसल्यास दुसरी मोटार पाहावी. सारी शिल्लक खरेदीतच घालणाऱ्याच्या अंगणात मोटार उभी राहते, धावत मात्र नाही.