ब्रेक मऊ का पडतो?

भंडारा जिल्ह्यातल्या शहापूरहून राष्ट्रीय महामार्ग ५३ वर गाडी जोरात पळवली, चार-सहा वेळा करकचून ब्रेक मारला आणि पाय एकदम खोल गेला, तर आधी गाडी सावकाश बाजूला घ्या. वेग दुप्पट झाला की ब्रेकला चौपट ऊर्जा उष्णतेत जिरवावी लागते.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. धानाच्या या जिल्ह्यात पावसाळाभर तो भरपूर असतो. नवे डॉट ३ ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरल्यावर ती मर्यादा १४० पर्यंत घसरू शकते. द्रव दाबला जात नाही, वाफ मात्र दाबली जाते, म्हणून पाय खोल जातो.

थंड झाल्यावर ब्रेक पुन्हा कडक झाला, तर बहुधा ऑइल उकळले होते, ते बदलाच. थंड असूनही मऊच राहिला, तर नळीत हवा असावी. पाय दाबून धरल्यावर हळूहळू खाली जात असेल, तर मास्टर सिलिंडर किंवा गळती तपासा. ब्रेक कडक, पण गाडी थांबत नाही? मग बहुधा पॅड तापले आहेत. ते टाळायला चिखलदऱ्याचा घाट उतरताना गिअर खालचाच ठेवा.