कॅम्पर ट्रेलरमधील शीतकपाटाचा वीजपुरवठा

कॅम्पर ट्रेलर म्हणजे मोटारीमागे जोडून नेता येणारी, झोपण्याची व स्वयंपाकाची सोय असलेली गाडी होय. तिच्यातील शीतकपाट (फ्रिज) प्रवासात सहसा १२ व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर चालते. २३० व्होल्टच्या घरगुती विजेच्या तुलनेत तेवढ्याच शक्तीसाठी येथे सुमारे एकोणीसपट प्रवाह लागतो. म्हणून तारांची जाडी, फ्यूज आणि स्वतंत्र बॅटरी यांवर या व्यवस्थेची सुरक्षितता अवलंबून असते.

पार्श्वभूमी

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण स्वीकारले. कॅराव्हॅन पार्कमध्ये वीजजोडणी मिळू शकते; परंतु दोन मुक्कामांमधील प्रवासात शीतकपाट वाहनातील विजेवरच चालवावे लागते. ठाणे जिल्ह्यातील उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर परिसरात उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते, तर पावसाळ्यात मुसळधार पाऊस पडतो. या दोन्ही ऋतूंचा विचार अशा व्यवस्थेत करावा लागतो.

शीतकपाटांचे प्रकार

* कॉम्प्रेसर प्रकार: साधारण ४० ते ६० वॅट शक्तीचा असून आवश्यकतेनुसार चालू-बंद होतो. उष्ण हवामानात हा सर्वांत योग्य ठरतो.
* शोषण प्रकार: १२ व्होल्ट, २३० व्होल्ट किंवा गॅसवर चालतो. १२ व्होल्टवर तो सुमारे १० अँपिअर प्रवाह सतत घेतो. वाहन चालू असताना, विशेषतः पेट्रोल पंपावर, त्याची गॅसची ज्योत बंद असणे आवश्यक असते.
* तापविद्युत प्रकार: पेल्टिए परिणामावर आधारित असून बाहेरील तापमानापेक्षा साधारण २० अंशांपर्यंतच थंडावा देतो. बाहेर ४० अंश असल्यास आत सुमारे २० अंश राहतात. दूध, मासे किंवा मांस ५ अंशांच्या आत ठेवावे लागत असल्याने तो त्यांच्यासाठी अपुरा ठरतो.

बॅटरी व प्रभारण

५० वॅटचा कॉम्प्रेसर दिवसातील ४० टक्के वेळ चालल्यास २४ तासांत ४८० वॅट-तास, म्हणजे १२ व्होल्टला ४० अँपिअर-तास वीज लागते. शिसे-आम्ल बॅटरी निम्म्यापेक्षा अधिक रिकामी केल्यास तिचे आयुष्य घटते. त्यामुळे या गरजेसाठी किमान ८० अँपिअर-तासांची बॅटरी लागते. ही बॅटरी इंजिनाच्या बॅटरीपासून वेगळी ठेवतात व इंजिन बंद होताच रिले दोन्हींची जोडणी तोडतो. अन्यथा रात्रभरात इंजिनाची बॅटरी उतरून मोटार सुरू होत नाही. लिथियम बॅटरीसाठी सामान्यतः डीसी-डीसी चार्जर वापरतात.

इंजिन मंद गतीने चालत असताना अल्टरनेटर कमी प्रवाह देतो. त्यामुळे कल्याण–बदलापूर रस्त्यासारख्या वर्दळीच्या मार्गावरील थोड्या अंतराच्या प्रवासात दिवसभराचा वीजवापर भरून निघेलच असे नाही. सौर पट्ट्यांनी ही तूट काही अंशी भरून काढता येते.

तारा व फ्यूज

मोटारीपासून ट्रेलरपर्यंत ६ मीटर अंतर असल्यास जाण्या-येण्याची तार १२ मीटर होते. २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेतून १० अँपिअर प्रवाह नेल्यास सुमारे ०.८४ व्होल्टची घट होते. ६ चौरस मिलिमीटरच्या तारेत ती सुमारे ०.३५ व्होल्ट राहते. व्होल्टेज फार उतरल्यास कॉम्प्रेसर बंद पडतो. ट्रेलरच्या दिव्यांसाठीच्या बारीक तारांवर शीतकपाट जोडल्यास त्या तापून आग लागण्याचा धोका असतो.

फ्यूज तारेचे रक्षण करतो, म्हणून त्याची क्षमता तारेच्या प्रवाहक्षमतेपेक्षा अधिक नसावी. तो बॅटरीच्या धन अग्राजवळ बसवतात. दोन्ही टोकांना बॅटरी असल्यास दोन्ही ठिकाणी फ्यूज लागतो. वारंवार उडणाऱ्या फ्यूजच्या जागी जाड तार लावणे धोकादायक असते.

मुक्कामी व पावसाळ्यात

बाहेरील २३० व्होल्टच्या जोडणीस अर्थिंग व ३० मिलिअँपिअरचा गळतीप्रवाह-रोधक (आरसीसीबी) आवश्यक असतो. ट्रेलर जोडणीचा प्लग रस्त्यालगत असल्याने चिखल व पाण्याने त्याचे संपर्क गंजतात. गंजलेला किंवा सैल जोड तापतो. त्यामुळे तो वेळोवेळी तपासतात. शिसे-आम्ल बॅटरी प्रभारित होताना हायड्रोजन वायू बाहेर पडतो, म्हणून तिच्या कप्प्यात वायुवीजन ठेवतात. जनित्राच्या धुरात विषारी कार्बन मोनॉक्साइड असल्याने ते झोपण्याच्या जागेपासून दूर, मोकळ्या हवेत चालवतात.

हेही पहा

* शीतकपाट
* ओमचा नियम
* पेल्टिए परिणाम